मळेवाडीची हरकत नाही

पूर बघायला अख्खी पेठ भिंतीवर चढली होती, आणि कुणीतरी तिथं भज्यांचा गाडासुद्धा लावला होता.

भिंत चांगली रुंद होती. दोघं-तिघं शेजारी शेजारी चालतील एवढी. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या, पोरं कठड्यावरून वाकून कागदाच्या होड्या टाकत होती. खाली हातभर अंतरावर नदी फुगून, तांबूस गढूळ होऊन धावत होती. कडब्याच्या गंज्या, मुळासकट उपटलेली झाडं, कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर, असं एकेक समोरून जायचं आणि लोक बोटं दाखवायचे. आमच्या पाठीमागं, भिंतीच्या आतल्या अंगाला, रेठवडची पेठ ठणठणीत कोरडी होती. दुकानं उघडी होती. आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईकसुद्धा होतं.

"आई, आबांचं गाव कुठं आहे गं?" गौरानं विचारलं. माझी लेक तेव्हा साडेपाच-सहा वर्षांची होती.

माझं माहेर, मळेवाडी, बरोबर समोरच्या काठावर. एरवी भिंतीवर उभं राहिलं की आमच्या पानमळ्यातली शेवरीची झाडं ओळीनं दिसायची. त्या दिवशी समोर काठच नव्हता. नजर जाईल तिथवर पाणी, आणि त्या पाण्यात शेवरीचे नुसते शेंडे. मी देवळाचा कळस शोधला, तो सापडला. मग तिथून डावीकडं आमचं घर शोधायला लागले.

"ते काय, तिथं," मी कुठंतरी बोट दाखवलं.

"पाण्यात?"

शेजारच्या गल्लीतली एक बाई खळखळून हसली. मग माझं माहेर कुठलं ते तिच्या लक्षात आलं असावं. तिनं तोंडाकडं नेलेलं भजं परत कागदात ठेवलं.

मी गौराला घेऊन घरी आले.

आमच्या नदीचं पूर्वीचं वागणं वेगळं होतं. ती रेठवडजवळ वळण घेते आणि पेठ नेमकी वळणाच्या खोलगटात. पूर आला की पाणी पेठेत शिरून पसरायचं. मळेवाडीच्या मळ्यांच्या बांधापर्यंत यायचं आणि परत फिरायचं. माझं लग्न झालं त्याच पावसाळ्यात जो पूर आला, तसा कुणाच्या आज्यानं पाहिला नव्हता. पाणी पेठेत कधी शिरलं ते कळलंच नाही. दुकानाच्या वरच्या पत्र्यावर आम्ही घरची सगळी चढलो. मी गरोदर होते. दोन रात्री त्या पत्र्यावर काढल्या. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, विधवा बहीण काशव्वा देवघरातले देव आणायला म्हणून खाली उतरली ती पुन्हा वर आलीच नाही.

अप्पा तेव्हा नगराध्यक्ष होते. बहिणीचे दिवस झाले आणि ते भिंतीच्या पाठीमागं लागले. मुंबईच्या खेपा किती केल्या त्याला गणती नाही. कुणी म्हणालं निधी नाही, कुणी म्हणालं नकाशा चुकलाय. अप्पा परत यायचे, जेवायचे आणि पुन्हा बॅग भरायचे. शेवटी भिंत झाली. नाल्यांच्या तोंडांना लोखंडी झडपा बसल्या, नगरपालिकेवर भोंगा बसला, पूररेषेचे तांबडे दगड लागले. या सगळ्यात समोरच्या गावाची संमतीही लागत होती. ती माझ्या वडिलांनी, आबांनी, मिळवून दिली होती. आबा काही सरपंच नव्हते. पण विहीर कुठं काढायची, पोरगी कुठं द्यायची, इथपासून मळेवाडी त्यांना विचारायची. 'मळेवाडीची हरकत नाही' हे कळलं त्या दिवशी अप्पांनी घरी पेढे आणले होते आणि पहिला माझ्या हातावर ठेवला होता. मला आबांचा फार अभिमान वाटला होता.

भिंतीवरून मी परतले त्याच संध्याकाळी माझी आई, आव्वा, आणि आबा आले. नदीच्या वरच्या अंगाला मोठा पूल आहे, तिकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मळेवाडीची माणसं आणून शाळेत उतरवत होते. हे दोघं तिथं न उतरता सरळ आमच्या दारात आले. आव्वाच्या अंगावर कुणाचं तरी लुगडं होतं. आबांच्या हातात काहीच नव्हतं. माझे वडील लेकीच्या घरी रिकाम्या हातानं आलेले मी पहिल्यांदा पाहिले. एरवी केळीच्या पानात बांधलेला विड्याच्या पानांचा जुडगा असायचाच.

सासूबाई पुढं झाल्या. त्यांनी आव्वाला आत नेलं, बंबात पाणी तापवायला सांगितलं, स्वतःचं नवं लुगडं काढून दिलं. कशात काही कमी केलं नाही. आबा मात्र बाहेरच्या कट्ट्यावर बसले.

"आबा, आत या की."

"पाय घान हायत."

मी बादली आणून दिली. त्यांनी पाय धुतले. तरी आत येईनात.

"आता तर धुतले ना?"

"असूंदे. हितं वारं लागतंय."

वारं कसलं लागतंय? थंडीनं त्यांचे ओठ निळे पडले होते. मी घोंगडी आणून त्यांच्या पाठीवर टाकली. तेवढ्यात अप्पा आले. ते दिवसभर शाळेतच होते. मळेवाडीच्या लोकांना चटया, कंदील, चुली, सगळं स्वतः उभं राहून बघत होते. आबांना पाहिल्याबरोबर त्यांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"व्याही, हे तुमचंच घर आहे. मळेवाडीच्या एका माणसाला मी उपाशी ठेवणार नाही. माझा शब्द आहे."

आबांनी मान हलवली. अप्पांच्या तोंडाकडं त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी आणि पिठलं घेऊन शाळेत गेले. आव्वानंच सांगितलं होतं, "गावाला काय तर घिऊन जा. आपली मानसं हायत." शाळेच्या ओसरीवर सगळी मळेवाडी बसली होती. ओळखीचे चेहरे, पण सगळे एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे. अक्काताई मला दिसली. आम्ही दोघी एकाच वयाच्या, लहानपणी एकाच पानमळ्यात पानं खुडत वाढलेल्या. तिचं लग्न गावातच झालं होतं. तिचा मुलगा तिच्या मांडीवर झोपला होता.

मी जवळ बसले. तिनं माझा हात हातात घेतला.

"मामंजी गेलं," ती म्हणाली.

तिचे सासरे तातोबा म्हणजे गावातलं सगळ्यात जुनं माणूस.

"कसं गं?"

"उठलंच न्हाईत. पानी गोठ्यात आलं तवा आमी हाका मारल्या. म्हनले, तुमी व्हा फुडं, बसगोंडानं सांगितलंय, आपल्याकडं पानी येत न्हाई. पाक उंबऱ्यात आलं तरी त्येच. ह्ये उचलायला गेलं तर हातातली काठी उगारली. मग मागली भितच पडली."

बसगोंडा म्हणजे माझे आबा.

"आबांचा अंदाज चुकला म्हणायचा," मी म्हणाले.

"चुकतंय की मानसाचं." अक्काताईनं डोळे पुसले. "नदीचं काय कुनाला कळतंय? पर आबा हायत कुटं? सकाळधरनं समदी इचारत्यात. दुपारच्याला मामंजींची माती हाय, तुमच्याकडल्या मसणवट्यात. त्येनी याया पायजे की."

मी घरी येऊन आबांना सांगितलं. तातोबांचं नाव ऐकल्यावर त्यांनी कट्ट्याची कड घट्ट धरली. मला वाटलं, आता उठतील. उठले नाहीत.

"आबा, लोक वाट बघताहेत."

"मला बरं न्हाई."

त्यांना ताप नव्हता. मी कपाळाला हात लावून बघितला. आव्वा दारात उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली आणि पदर तोंडात धरून आत निघून गेली. तातोबांच्या मातीला मळेवाडीतले एकटे आबाच नव्हते. अप्पा गेले होते.

पाणी हळूहळू उतरत गेलं. नगरपालिकेत ठरलं की नदीची पूजा करायची, ओटी भरायची आणि भिंतीसाठी झटलेल्या चार माणसांचा सत्कार करायचा. समारंभ शाळेच्या पटांगणात, म्हणजे पूरग्रस्तांनाही त्या निमित्तानं गोडाधोडाचं जेवण होईल. हा विचार अप्पांचाच. त्यात वाईट हेतू नव्हता हे मी आजही सांगेन. त्या माणसानं बहीण गमावली होती आणि त्या पावसाळ्यात पेठेतलं कोंबडीचं पिल्लूसुद्धा गेलं नव्हतं. त्यांना आनंद मावेनासा झाला होता आणि तो सगळ्यांना वाटावासा वाटत होता.

पूजेची तयारी माझ्याकडं होती. नारळ, खण, हळद-कुंकू सगळं मिळालं, विड्याची पानं मात्र पेठेत कुठंच मिळेनात. पानवाल्यानं रिकामी करंडी उलटी करून दाखवली. "वहिनी, पानं यायची ती समोरूनच की," तो म्हणाला. शेवटी पानांवाचूनच पूजा करायचं ठरलं. सासूबाई आव्वाला म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्हीही ओटी भरा. सवाष्णीचा मान आहे." त्यांनी ते प्रेमानं म्हटलं. आव्वानं ओटी भरली. जिनं चार दिवसांपूर्वी तिच्या घराची माती केली होती त्या नदीला तिनं हळद-कुंकू वाहिलं, खाली वाकून नमस्कार केला. मी तिच्या शेजारी ताट धरून उभी होते आणि पायाखालच्या फरशीच्या फटी मोजल्यासारखी खाली बघत होते.

मग अप्पा आबांना न्यायला आले. अंगावर स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा.

"चला व्याही. तुमच्यावाचून कार्यक्रम कसा होईल?"

"नगं," आबा म्हणाले. "मला नगं न्हेऊ."

"असं कसं? खरा मान तुमचा आहे."

"पावनं, पाया पडतो तुमच्या. नगं."

आबा खरंच वाकायला लागले. अप्पांनी त्यांना वरच्या वर धरलं आणि मोठ्यानं हसले. त्यांना तो विनय वाटला. लेकीच्या सासऱ्यानं धरलेला हात सोडवून घ्यायचा कसा, हे आमच्याकडं कुठल्याच बापाला येत नाही. आबा गेले.

पटांगणात मांडव घातला होता. पेठेतली माणसं पुढं खुर्च्यांवर. मळेवाडीची माणसं मागं ओसरीवर आपल्या गाठोड्यांजवळ बसलेली. ती कुठं जाणार? राहायलाच तिथं होती. आबांना व्यासपीठावर अप्पांच्या शेजारी बसवलं. तेवढ्या दिवसांनी गावानं त्यांना पहिल्यांदा बघितलं. ओसरीवर जरा हालचाल झाली. कुणीतरी म्हणालं, "आबा आलं, आबा आलं." अक्काताईच्या नवऱ्यानं, सिद्रामनं, लांबूनच हात जोडले.

इंजिनियरचा सत्कार झाला, ठेकेदाराचा झाला. मग अप्पा स्वतः माइकपुढं आले.

"आता ज्यांचा सत्कार आहे," ते म्हणाले, "ते माझे व्याही आहेत, पण त्या नात्यानं मी बोलत नाही. मंडळी, भिंत सिमेंटनं उभी राहिली असं तुम्हाला वाटत असेल. ती एका माणसाच्या मोठ्या मनावर उभी आहे. समोरच्या गावाची हरकत नाही असं कळल्याशिवाय वरून मंजुरी येत नव्हती. मी मळेवाडीला यांच्याकडं गेलो. इंजिनियरसाहेबांना बरोबर घेऊन गेलो. मी काही लपवलं नाही. साहेबांनी कागदावर रेघा मारून दाखवलं, की इकडं भिंत झाली म्हणजे पाणी तिकडं चढणार. मळे जाणार, प्रसंगी घरांतही शिरणार. यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्यासमोर शब्द काढला नाही. आणि दुसऱ्याच दिवशी गाव गोळा करून, सगळ्या गावाचे हात वर करून घेतले. शेजारधर्म, मंडळी! याला म्हणतात शेजारधर्म!"

पेठ टाळ्या वाजवत होती. अप्पांचे डोळे भरून आले होते. त्यांनी शाल उलगडली आणि आबांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला.

मी मागं वळून बघितलं. ओसरीवर कुणीही हललं नव्हतं. सिद्रामचे हात मघाशी जोडलेले होते, ते तसेच वर राहिले होते. मग त्यानं ते सावकाश खाली घेतले आणि मांडीवर ठेवले. मला वाटत होतं, कुणीतरी ओरडेल. एखादा दगड येईल. तसं काहीच झालं नाही. एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "काय म्हनला गं त्यो? आबाला ठावं हुतं?" शेजारणीनं आपलं गाठोडं जवळ ओढलं. तेव्हा ती म्हातारी पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, "ठावं हुतं व्हय?"

जमीन दुभंगावी असं मला वाटत होतं. आणि तरीही मी तिथंच उभी होते, पेठेतल्या मोठ्या घरची सून, हिरव्या काठाचं लुगडं नेसून.

जेवणाच्या पंगती बसल्या. पेठेतली पोरं वाढायला होती. आबा व्यासपीठावरून उतरले आणि कुणाशी न बोलता त्यांनी एका पोराच्या हातातली आमटीची बादली घेतली. मला कळलं ते कुठं निघालेत. मी भाताची परात उचलून त्यांच्या मागं गेले.

मळेवाडीची पंगत ओसरीच्या कडेनं लांबवर बसली होती. आबा पहिल्या माणसापुढं वाकले. त्या माणसानं पत्रावळीवर हात आडवा धरला. नको. आबा दुसऱ्यापुढं गेले. तिथंही हात. मग तिसरा. कुणी रागानं नाही, कुणी तोंड फिरवून नाही. पोट भरलं म्हणजे माणूस धरतो तसा नुसता हात. पत्रावळी अजून कोऱ्या होत्या. आबा एकेकापुढं वाकत होते आणि पुढं सरकत होते. पंगत संपेना. माझ्या हातातल्या परातीची कड बांगड्यांवर वाजत होती.

अक्काताईपाशी आलो. तिनंही पत्रावळीवर हात ठेवला होता. तिनं मान वर करून आबांकडं बघितलं.

"आबा, शाल काढा की," ती म्हणाली. "आमटीत पडंल."

आबांना आपल्या खांद्यावर शाल आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी बादली खाली ठेवली, शाल काढली आणि ती धरून उभे राहिले. ठेवायची कुठं ते कळेना. मी ती त्यांच्याकडून घेतली.

"ह्याला वाढा," अक्काताई म्हणाली आणि मुलाची पत्रावळ पुढं सरकवली. स्वतःच्या पत्रावळीवरचा हात तिनं काढला नाही.

आबांनी त्या पोराला आमटी वाढली. मी भात वाढला. मग आबा पुढं गेलेच नाहीत. बादली तिथंच ठेवून ते फाटकाबाहेर पडले.

मी त्यांना पुलाकडच्या रस्त्यावर गाठलं. चिखलातून ते अनवाणी चालले होते, मळेवाडीकडं.

"आबा! तुम्हाला ठाऊक होतं?"

ते थांबले. "हुतं."

"मग गावाला काय सांगितलंत?"

"पानी येत न्हाई म्हनून सांगितलं."

"का?"

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "घरला जा, नंदा. पोरगी वाट बघत असंल." आणि चालायला लागले. आव्वाही दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागं गेली.

त्या रात्री अप्पा जेवले नाहीत. पंगतीतलं त्यांनीही पाहिलं होतं. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "सूनबाई, मी काही खोटं बोललो का?"

"नाही अप्पा," मी म्हणाले. "खरंच बोललात."

त्यानंतर आबा आमच्या घरी कधी आले नाहीत. मी माहेरी जायची. आबांनी पडलेलं घर स्वतः उभं केलं. पानमळा मात्र गेला तो गेलाच. वेलींच्या मुळाशी चार दिवस पाणी थांबलं होतं. गावानं त्यांना वाळीत वगैरे टाकलं नाही. उलट सगळे पहिल्यासारखेच बोलायचे, पाऊसपाण्याचं, पिकाचं. पण आता विहीर कुठं काढायची ते कुणी विचारत नव्हतं. आणि मी गेले की बायका मला सतरंजी टाकून बसवायच्या, चहा करायच्या, पाहुणीला करतात तसा. आधी त्याच बायका मला चुलीपुढं बसवून भाकरी थापायला लावायच्या.

दोन पावसाळे गेले. रेठवडची वस्ती वाढली होती आणि भिंत वरच्या अंगाला आणखी लांबवायची असं नगरपालिकेनं ठरवलं. अप्पा आता नगराध्यक्ष नव्हते, थकले होते. पुन्हा समोरच्या गावाची संमती लागणार होती. मळेवाडीची ग्रामसभा बोलावली त्या दिवशी मी माहेरीच होते. खरं सांगायचं तर मुद्दाम गेले होते.

सभा देवळाच्या मंडपात भरली. सिद्राम आता सरपंच होता. मी मागं बायकांत, अक्काताईच्या शेजारी बसले. तिनं सरकून जागा दिली. आबा एका खांबाला टेकून बसले होते, पुढच्या ओळीत नाही, मागच्याही नाही. पेठेहून आलेले दोघं नकाशा उघडून बोलले. या खेपेला पाणी फार तर वीतभर चढेल, त्याची भरपाई मिळेल, शिवाय पुढंमागं तुमच्याही काठाला भिंत होईल, असं त्यांनी सांगितलं. मग ते बसले. जुनी सवय असेल, माणसं एकेक करून आबांकडं बघायला लागली.

सिद्राम म्हणाला, "आबा, तुमचं काय म्हननं हाय?"

त्या एका प्रश्नासाठी त्यांनी दोन वर्षं वाट बघितली असणार. आबा खांबाला धरून उठले.

"मला इचारू नगासा," ते म्हणाले. "तिकडं माझी लेक हाय."

आबा बसायला लागले, पण पुन्हा सरळ झाले.

"मागल्या खेपेला बी हुती. तवा सांगितलं न्हाई. पयला पूर आला तवा दोन रात्री मी ह्या काठावर हुबा हुतो. तिच्या दुकानाचं पत्रं दिसत हुतं. पत्र्यावर मानसं हायती, येवडंच दिसायचं. त्यातली ती कंची, हाय का न्हाई, काय कळत न्हवतं. हाका मारल्या तर पान्याचा आवाज. आन् हिकडं माझ्या पायाला पानी बी लागलं न्हवतं. तवा मनात म्हनलं, ह्ये पानी काय बी करून हिकडं आलं पायजे." ते थांबले. "मग पावनं इचारायला आलं. मी तुमास्नी खोटं सांगितलं. तातोबा त्येच्यानं गेला. म्हनून मला इचारू नगासा. मी आज बी तेच सांगंन."

त्यांचा आवाज कापला नाही.

सिद्रामनं पुढ्यातला नकाशा बाजूला सारला. मग म्हणाला, "ठावं हाय, आबा. बसा."

आबा बसले.

"हरकत घ्यायची म्हनत असाल त्येनी हात वर करा," सिद्राम म्हणाला.

हात वर गेले. पुढचे, मधले, बायकांतले. अक्काताईचा हात माझ्या खांद्याला घासून वर गेला. मळेवाडीनं त्या दिवशी हरकत घेतली आणि भिंत पुढं गेली नाही. आबांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. मी त्या गावची राहिले नव्हते, माझा हात मोजला गेला नसता. तो मी पदराखाली घट्ट दाबून धरला.

अख्खं गाव पुढं बघत होतं. मी मागं बसलेय हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीही वळून माझ्याकडं बघितलं नाही.